पारसिकच्या पोटातून: कळवा, मुंब्रा, ऐरोली

ठाण्याजवळचा पारसिक डोंगर बघायला पावसाळ्यातच जावं. बोगद्याचं काम कसं झालंय ते पाणी मुरायला लागल्यावर कळतं.

ठाण्याहून धीमी लोकल पकडली आणि डावीकडची खिडकी धरली. कळवा सुटलं की रूळ डोंगराला वळसा घालत खाडीकडे सरकतात. हीच मूळ वाट. १८५३ साली ठाण्याला पोचलेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला गेली, ती डोंगराचं फक्त टोक भेदून. दोनच आखूड बोगदे. अंधार होतो न होतो तोच उजेड. थेट पोटातून जाणारा १.३ किमीचा पारसिक बोगदा १९१६ चा. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, तेव्हापासून जलद लोकलही कळवा-मुंब्र्याकडून जातात आणि मोठ्या बोगद्यातून लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात. या मोठ्या बोगद्याच्या माथ्यावर दाट वस्ती आहे. वरचं सांडपाणी आणि कचरा उताराने बोगद्याच्या तोंडाकडे येतो, म्हणून तिथली संरक्षक भिंत आणि गटार पावसाआधी साफ असणं फार गरजेचं.

मुंब्र्याला उतरलो. पुढे बायपासने शीळफाटा, महापे आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली. डोंगराची ही अख्खी प्रदक्षिणा वाचावी म्हणून ऐरोली-काटई मार्गावर एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) १.६९ किमीचा जोडबोगदा हाती घेतला. जायला एक नळी, यायला दुसरी.

सुरुंग लावून बोगदा खणताना एक फेरी अशी असते. दगडाच्या तोंडावर खुणा करून साधारण तीन मीटर खोल भोकं पाडायची, दारू भरायची. मधली भोकं आधी उडवायची, म्हणजे बाजूच्या दगडाला सुटायला जागा होते; कडेची सर्वांत शेवटी आणि कमी दारूने. धूर बाहेर काढायचा, लटकलेले दगड पाडायचे, राडारोडा उचलायचा. मग काँक्रीटचा फवारा (शॉटक्रीट), रॉक बोल्ट (दगड आवळून धरणाऱ्या लांब सळ्या), गरज असेल तिथे जाळी. आणि पुन्हा खुणा. डोंगर कापलेल्या कुठल्याही कड्यावर भोकांच्या अर्ध्या पन्हळी सरळ रेषेत उरलेल्या दिसल्या, तर सुरुंग नीट लागला असं समजावं. नुसताच ओबडधोबड चुरा असेल तर आतला दगडही खिळखिळा झालेला असतो, आणि तो भरून काढायला काँक्रीट जास्त जातं.

आपला बेसाल्ट कणखर आहे, पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा सापडतो. तो पाण्याने फुगतो, सुटतो. तिथे तीन मीटरची उडी घ्यायची नाही. एकेक मीटर पुढे जायचं आणि लगेच आधार द्यायचा.

फवाऱ्याचं काँक्रीट आणि आतलं अस्तर (बोगद्यात दिसणारी काँक्रीटची भिंत) यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा जलरोधक पडदा असतो. झिरपलेलं पाणी त्याच्या मागून पायथ्याच्या भोकाळ नळीत उतरतं. बिघाड बहुधा इथेच होतो. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर वाहून नळीत साचतो, नळी बुजते, पाण्याचा दाब अस्तरामागे वाढतो आणि सांध्यातून पाणी गळायला लागतं. सांध्याखाली पांढरे ओघळ दिसले की वरून सिमेंट थापून काही होत नाही, आधी नळी धुवावी लागते. त्यासाठी तपासणीची तोंडं ठरावीक अंतरावर मोकळी हवीत.

ठाणे-बोरिवलीचा १०.२५ किमीचा जोडबोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहे. तिथे सुरुंग नाही, खोदाई टीबीएमची (बोगदा खणणाऱ्या यंत्राची), अस्तर तयार काँक्रीटचे तुकडे जोडून केलेल्या गोल कड्यांचं. पाणी अडवायची मदार तिथे तुकड्यांच्या सांध्यांतल्या रबरी पट्टीवर.