कान तुटलेला कप

गेल्या हिवाळ्यात आमच्या इथल्या चर्चने सहा आठवड्यांचा एक ग्रुप काढला. विषय रेस, म्हणजे गोरे-काळे हा सगळा प्रकार, आणि त्याबद्दल चर्चमध्ये मोकळेपणाने बोलायचं असं ठरलं. आम्ही राहतो फिलाडेल्फियाच्या बाहेर. मंडळीत बहुतेक गोरे, दहाबारा काळी कुटुंबं, थोडे कोरियन आणि आम्ही दोघं नवराबायको नगरचे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं). बुधवारी संध्याकाळी साडेसातला तळघरातल्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या गोल मांडायच्या, पातळ कॉफी, कोणीतरी घरून आणलेला केक, आणि सुरुवातीला एक गाणं. मी खरं सांगायचं तर बघायला गेलो होतो. भांडण यांचं, आपण बाहेरचे, आपल्याला काय, कोपऱ्यात बसू आणि ऐकू.

पहिल्या बुधवारी एकजण म्हणाला मला माणसाचा रंग दिसतच नाही, मला फक्त देवाचं लेकरू दिसतं. मग त्याच्या शेजारची बाई तेच म्हणाली, मग तिच्या शेजारचा. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे म्हणतात ना, आमची काही अपेक्षा नाही हो, मुलगी आणि नारळ द्या, अगदी तसं. आणि गाडी शेवटी बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातल्या त्या वचनावर येऊन थांबली, ३:२८, यहूदी नाही हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही, दास नाही स्वतंत्र नाही, सगळे ख्रिस्तात एक. हे वचन मला संडे स्कूलपासून पाठ आहे. सगळे हो हो म्हणाले, केक संपला, घरी.

दुसऱ्या बुधवारी एक सत्तरीच्या काळ्या बाई बोलल्या. मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणतो, तोंडावर अर्थातच सिस्टर. त्या नऊ वर्षांच्या असताना, दक्षिणेतल्या एका गावात, आईबरोबर रविवारी निघाल्या होत्या आणि धो धो पाऊस आला म्हणून जवळच्या एका चर्चच्या दारात गेल्या. आत उपासना चालू झालेली. दारातल्या माणसाने हसून, अगदी गोड बोलून सांगितलं की तुमचं चर्च पुढच्या गल्लीत आहे. आणि आई त्याला थँक यू म्हणाली. मावशी म्हणाल्या, त्या माणसाचं मी कधीच सोडून दिलं, पण आईचं ते थँक यू मला अजून, आणि तेवढ्यात ग्रुप चालवणारे गृहस्थ भरल्या गळ्याने म्हणाले, चला, आपण या क्षणी प्रार्थना करूया. सगळ्यांच्या माना खाली. मीही घातली. प्रार्थना चांगली लांब झाली, त्यात क्षमा आली, प्रेम आलं, देश आला, आणि आमेन झाल्यावर पुढच्या प्रश्नाचा कागद वाटला गेला. मावशींचं वाक्य अर्धंच राहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या पर्स उघडून चष्म्याचं कव्हर शोधत होत्या.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही शहरात मदर बेथेल चर्च बघायला गेलो. इतकी वर्षं इथे राहतोय, लिबर्टी बेल पाहुण्यांना चार वेळा दाखवून झाली, पण हे नाही. गोष्ट अशी की १८व्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियात सेंट जॉर्जेस नावाचं मेथडिस्ट चर्च होतं (अजून आहे, फोर्थ स्ट्रीटवर), तिथे काळे लोक येऊ लागले आणि वाढत गेले, तसं त्यांना वरच्या गॅलरीत बसा म्हणायला सुरुवात झाली. बरं ती गॅलरी बांधायला आणि खाली नवी जमीन घालायला याच लोकांनी वर्गणी दिलेली. एका रविवारी प्रार्थना चालू, सगळे गुडघ्यावर, आणि एक विश्वस्त येऊन अ‍ॅब्सलम जोन्सला धरून उठवायला लागला, इथे नाही बसायचं, ऊठ. जोन्स म्हणाला, प्रार्थना संपू दे, मग उठतो, पुन्हा तुम्हाला त्रास देणार नाही. तो ऐकेना, दुसऱ्याला हाक मारून बोलावलं. प्रार्थना संपली आणि सगळे काळे लोक एकदम उठून बाहेर पडले. त्यांच्यातला रिचर्ड अ‍ॅलन, स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला, पैसे साठवून स्वतःला विकत घेतलेला माणूस, त्याने ही हकिकत लिहून ठेवली आहे. तो साल १७८७ देतो, इतिहासकार म्हणतात काही वर्षं नंतरचं असावं. पुढे त्याने लोहाराचं एक जुनं दुकान घोड्यांनी ओढत आणून स्वतःच्या जागेवर ठेवलं आणि १७९४ मध्ये त्यात हे मदर बेथेल चर्च सुरू केलं, आणि १८१६ ला त्यातून काळ्यांचा एक अख्खा स्वतंत्र पंथ उभा राहिला. अ‍ॅलनची कबर त्या चर्चच्या तळघरात आहे.

मध्ये १७९३ ला शहरात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा याच अ‍ॅलन आणि जोन्सने काळे लोक गोळा करून गोऱ्या आजाऱ्यांची सेवा केली, प्रेतं उचलली, आणि साथ ओसरल्यावर एका छापखानेवाल्याने लिहिलं की काहींनी त्यात पैसे उकळले. मग दोघांनी १७९४ ला स्वतःची पत्रिका छापून उत्तर दिलं, खर्चाच्या हिशोबासकट. हिशोबासकट हे मला फार आवडलं, नगरच्या माणसाला आवडणारच.

तळघरातून वर येताना बायको म्हणाली, त्या विश्वस्तांनी प्रार्थना संपेपर्यंत दम धरला नाही, आणि आपल्या ग्रुपने मावशींचं बोलणं संपेपर्यंत. मी म्हटलं अगं दोन्ही एक कसं होईल, तिथे ओढून उठवलं. ती काही बोलली नाही.

घरी येऊन मी गलतीकरांस पत्र काढलं आणि पहिल्यापासून वाचलं, फक्त ते वचन नाही. तर दुसऱ्या अध्यायात काय आहे? अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता, मग यरुशलेमहून काही माणसं आली तसा तो घाबरून पंगतीतून मागे सरला, आणि त्याचं बघून बाकीचेही. पंक्तिभेद! दुसरा शब्दच नाही त्याला. आणि पौल, म्हणजे हे पत्र लिहिणारा, सगळ्यांसमोर त्याला तोंडावर बोलतो, की तुझं चुकलं. म्हणजे कोण उठलं, कोणाच्या ताटावरून उठलं, कोणाला भिऊन उठलं, हे सगळं नावानिशी आधी झालंय आणि मग पुढच्या अध्यायात ते सगळे एक वगैरे येतं. आपण दुसरा अध्याय गाळून डायरेक्ट तिसरा म्हणतो. या विषयावर मी आयुष्यात शेकड्याने प्रवचनं ऐकली असतील, नगरमध्ये आणि इथे, पेत्राच्या त्या जेवणावर एकही आठवत नाही.

पुढच्या बुधवारी मी हे ग्रुपमध्ये मांडलं, जरा भाव खातच. लोकांनी माना डोलावल्या. मग ग्रुप चालवणाऱ्यांनी विचारलं, भारतातल्या चर्चमध्ये कसं आहे, तुमच्याकडे तर जातीव्यवस्था ना? आणि मी पट्कन म्हणालो, नाही, ख्रिस्ती झाल्यावर आमच्यात जात राहत नाही. इतकं सहज निघालं तोंडातून.

गाडीत बसल्यावर बायकोने सीटबेल्ट लावला आणि म्हणाली, कप नाही सांगितलास.

कपाचं असं आहे. आम्ही मूळचे महार, चार पिढ्या ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनचे. हे मिशन बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचं, त्यांचे लोक १८१३ ला मुंबईत उतरले, १८३१ ला नगरला आले, १८४२ ला ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केलं आणि मंडळीत यायचं तर जात दाराबाहेर ठेवून या हा आग्रह धरला, जो त्या काळात सोपा नव्हता. (तिकडे त्यांच्या स्वतःच्या देशात चेरोकी आणि चॉक्टॉ या मूळ अमेरिकन लोकांमधल्या त्यांच्याच मंडळ्यांतले काही सभासद काळे गुलाम बाळगून होते आणि बोर्ड त्यांना काढायला तयार होईना, म्हणून चिडून लोकांनी १८४६ ला वेगळी मिशनरी संस्था काढली. हे मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं, नगरला कोणी शिकवत नाही.) तर आम्ही नगरला राहायचो त्या वाडीत मंडळीचीच, मांग समाजातून आलेली दोनतीन कुटुंबं होती. त्यातल्या एक बाई आजीकडे यायच्या, सलाम बाई, सलाम, बस, चहा घे. आणि चहा यायचा कान तुटलेल्या कपात. पांढरा, निळ्या रेघेचा. तो कप फडताळात नसायचा, मोरीजवळच्या कोनाड्यात असायचा. आजी रोज पहाटे उठून बायबल वाचणारी, कोणाच्या आजारपणात रात्र रात्र बसणारी बाई. आणि तिनेच लहानपणी तिच्या गावात वरून ओंजळीत ओतलेलं पाणी प्यायलं होतं, ते आम्हाला रागाने सांगायची. दोन्ही एकाच घरात, एकाच बाईच्या हातून.

मला कोणी सांगितलं नव्हतं की तो कप त्यांचा. मला माहीत होतं. सहा-सात वर्षांचा असताना मी एकदा त्यात पाणी प्यायला घेतलं तर आजीने हातातून काढून घेतला, ओरडली नाही, नुसता काढून घेतला आणि स्टीलचा पेला दिला.

आपण हे बोलत का नाही याची एक बाजू सरकारी पण आहे, ती सांगायलाच पाहिजे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच, मग १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. त्यामुळे कित्येक घरांत दाखल्यावर एक आणि रविवारी एक असं चालतं, आणि जिथे जातीचा उच्चार केला तर पोराची अ‍ॅडमिशन अडकेल अशी भीती आहे तिथे चर्चमध्ये मोकळं बोला म्हणणं सोपं नाही. दिल्लीत बसून कोणी म्हणतं तुमच्या धर्मात जात नाही, आणि पुलपिटवरून आपणही तेच म्हणतो, आणि सोयरिकीच्या वेळी मूळ गाव कुठलं, आडनाव आधी काय होतं, हे विचारायला मात्र कोणाचीच जीभ अडखळत नाही. पण कपाला दाखल्याची भीती नव्हती. तो आमचा आमचा.

चौथ्या बुधवारी सांगितला एकदाचा. इंग्रजीत कोनाडा कसा सांगायचा हेच दोन मिनिटं कळेना. सांगून झाल्यावर एक गृहस्थ, चांगला माणूस आहे, बर्फ पडला की आमचाही ड्राइव्हवे साफ करतो, तो म्हणाला, पण ते कास्ट झालं, रेस वेगळी. मी म्हटलं असेल वेगळी, पण आमच्याकडे एका माळी माणसाने १८७३ साली गुलामगिरी नावाचं पुस्तक लिहून ते तुमच्या देशातल्या लोकांना अर्पण केलं होतं, काळ्यांना गुलामीतून सोडवलं म्हणून, त्याला तेव्हा नातं दिसलं होतं. फुल्यांचं नाव त्यांना तीनदा सांगावं लागलं. ग्रुप चालवणाऱ्यांनी त्या दिवशीचा कागद पुढे केला, त्यावर सदर्न बाप्टिस्ट या इथल्या मोठ्या पंथाची माहिती होती, १८४५ ला गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमण्यावरून वेगळे झाले, १९९५ ला माफीचा ठराव केला. म्हणजे दीडशे वर्षांनी. एकजण म्हणाला बघा, चर्च बदलतं.

मावशी एवढा वेळ गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, तो कप धुवायचं कोण?

मी थांबलो. कारण मला ते माहीत होतं आणि पन्नाशीला आलो तरी मी त्याचा कधी विचार केला नव्हता. त्या बाई स्वतःच धुवायच्या. चहा झाला की उठून मोरीत जाऊन विसळायच्या, कोनाड्यात पालथा घालायच्या, पदराला हात पुसायच्या आणि आजीला म्हणायच्या, येते बाई, चहा फक्कड झाला होता. हे मी इंग्रजीत सांगितलं. मावशी म्हणाल्या, माझ्या आईचं थँक यू, आणि मग त्यांनी दुसऱ्या बुधवारचं ते अर्धं वाक्य पूर्ण केलं. ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. या वेळी कोणी प्रार्थना करूया म्हटलं नाही. ग्रुप चालवणाऱ्यांनी तोंड उघडलं होतं, पण बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की बस.

रविवारी मम्मीला व्हिडिओ कॉल केला आणि सांगितलं. ती आधी म्हणाली, असलं काही नव्हतं आपल्याकडे. मग म्हणाली, होता एक कप, पण तो तुटका होता म्हणून बाजूला ठेवला होता. मग म्हणाली, आणि तुला काय गरज होती तिकडे परक्यांसमोर आजीची इज्जत काढायची, तिने तुला लहानाचा मोठा केला. मी काही बोललो नाही, कारण तेही खरंच आहे. फोन ठेवला तिने, सलाम न म्हणता, जे ती कधी करत नाही.

दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा मेसेज आला, एक नंबर आणि खाली, त्यांचा धाकटा मुलगा आता भोसरीला आहे, त्याची आई अजून आहे म्हणतात, ऐकू कमी येतं. एवढंच. कोणाचा ते लिहिलं नव्हतं.

त्याला आता तीन आठवडे झाले. मी सकाळी उठतो तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, बरी वेळ आहे खरं तर फोन करायला. रोज नंबर उघडून बघतो. सलाम मावशी म्हणून सुरुवात करायची इतपत ठरलंय, आणि ऐकू कमी येतं म्हणजे ते मोठ्याने म्हणावं लागेल.