फेसबुकवर येतंच की, मग रीडर कशाला?

लग्नाची पंगत असो की कर्वे रस्त्यावरचा चहा, प्रश्न तोच: "फेसबुकवर सगळं येतंच की, मग तुमचा तो फीड रीडर कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सगळं येत नाही. तुम्हाला काय दिसावं हे फेसबुक ठरवतं. रीडरमध्ये मी ठरवतो. ब्लॉगचा पत्ता टाकायचा, फॉलो दाबायचं, झालं. ब्लॉगची फीड म्हणजे एक साधी फाइल. रीडर ती अधूनमधून तपासतो आणि नवा लेख आणून ठेवतो. वर्षातून एकदा लिहिणाराही चुकत नाही. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा "संपलं आता" असं तुम्हीच म्हणालात. मी ओपीएमएल, म्हणजे फॉलो केलेल्या ब्लॉगांच्या यादीची फाइल, उतरवून ती यादी दुसऱ्या रीडरमध्ये चढवली. आणि पॉडकास्ट ऐकता ना? तेही बहुतेक आरएसएसवर, म्हणजे अशाच फीडवर चालतं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ जुन्या वाड्यांवर लिहायचे. ते गेले, वेबसाइटचे पैसे भरायचे राहिले, साइट बंद पडली. मुलीचा फोन आला, "काका, तुमच्याकडे बाबांचं सगळं असेल ना?" रीडर उघडला. सगळे लेख होते, तारखांसकट. पण प्रत्येक लेख मध्येच तुटलेला, पुढे कंसात तीन टिंबं. त्यांनी वर्डप्रेसमध्ये, म्हणजे ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फीडसाठी पूर्ण मजकुराऐवजी सारांश निवडला होता, आणि हा सारांश म्हणजे पहिले ५५ शब्द. कात्रजच्या तलावाचं पाणी पेठेतल्या हौदापर्यंत कसं यायचं, ते सांगता सांगता "उच्छ्वासाच्या आत उतरल्यावर" इथेच वाक्य थांबलेलं (उच्छ्वास म्हणजे जमिनीखालच्या त्या जलवाहिनीवरचा हवेसाठीचा मनोरा). मुलीनं विचारलं, "पुढे?" पुढे काही नव्हतं. वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, थोडी पानं मिळाली, हे नाही.

ते म्हणायचे, वाचकानं घरी, म्हणजे साइटवर यावं, दारातून वाचून जाऊ नये. तेव्हा मलाही ते पटायचं. रीडरनं नुसती वर्दी द्यावी, असं मीच सांगत फिरायचो. आज त्या तेव्हाच्या माझ्याशी भांडावंसं वाटतं. पण मग आठवतं, त्यांच्या लेखांखाली वाड्यांतले जुने भाडेकरू येऊन आठवणी लिहायचे. सगळ्यांनी रीडरमध्येच वाचलं असतं तर ती माणसं तिथे आली असती का? त्या आठवणीही साइटबरोबर गेल्याच म्हणा.

रीडर मी सोडणार नाही. पूर्ण फीड देणाऱ्यांचे आवडलेले लेख आता उतरवून ठेवतो. सारांशवाल्यांना पत्र लिहावं का, हे अजून ठरत नाही.