अर्धा न्यूट्रॉन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे निमंत्रण आले आणि शाळेविषयी लिहायला बसलो, तरी लेखणी पुन्हापुन्हा विज्ञानाच्या सरांपाशीच थांबते. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी.

१९८६ साली, नववीत, सरांनी फळ्यावर क्लोरीनचा अणुअंक १७ आणि अणुवस्तुमान ३५.५ असे लिहिले. प्रोटॉन सतरा, मग न्यूट्रॉन साडेअठरा का, असे मी विचारताच वर्ग हसला. सर हसले नाहीत. माझे वडील यंत्रमागावर होते, हे त्यांना ठाऊक होते.

"चादरीची नक्षी कशावरून ठरते रे?"

"जकार्डच्या पुठ्ठ्यांवरून, सर." (मागाला नक्षी सांगणारे, भोके पाडलेले पुठ्ठे.)

"आणि त्याच पुठ्ठ्यांवर जाड सूत लावले तर?"

"नक्षी तीच, चादर जड."

"मग झाले तर! प्रोटॉन म्हणजे तुझे पुठ्ठे."

सतरा प्रोटॉनांचा प्रत्येक अणू क्लोरीनचाच. कुणात न्यूट्रॉन अठरा, कुणात वीस, म्हणून ती समस्थानिके. निसर्गात ३५ वस्तुमानांकाचे (म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ३५) साधारण तीन अणू असतील तर ३७ चा एक. चौघांची बेरीज १४२, तिला चाराने भागले की ३५.५. अर्धा न्यूट्रॉन कुणाच्याच पोटात नव्हता, तो सरासरीत होता.

आयन शिकवतानाही त्यांनी चादर सोडली नाही. दशीचा एक धागा निघाला म्हणून नक्षी बदलत नाही. तसाच बाहेरच्या कवचातला एक इलेक्ट्रॉन गमावूनही सोडियम हा सोडियमच राहतो, फक्त अकरा प्रोटॉनांसमोर दहा इलेक्ट्रॉन उरल्याने तो धनप्रभारित होतो, आणि तो इलेक्ट्रॉन घेणारा क्लोरीनचा अणू क्लोराइड होतो. (धागा गेल्याने चादरीला प्रभार येत नाही, ही उपमेतली उणीव मला महाविद्यालयात जाणवली, सरांना सांगण्याचे धाडस मात्र झाले नाही.)

आज मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. बोअरच्या पाण्यातील क्लोराइड मोजताना सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचे आणि पिवळे द्रावण विटकरी झाले की हात आवरायचा. तो रंग दिसला की सर आठवतात. नव्या मदतनिसाला मी चादरीचाच दाखला देतो, पण तो सोलापूरचा असूनही त्याने जकार्डचे पुठ्ठे पाहिलेले नाहीत.

शाळेत आता डिजिटल फळे आले, असे कळले. आमच्या वर्गातला आवर्तसारणीचा कापडी तक्ता, ज्यावर क्लोरीनच्या चौकटीशेजारी माझ्या बोटाचा शाईचा डाग आहे, एखाद्या कपाटात शिल्लक असेल, तर तो मोडीत काढण्यापूर्वी मला अवश्य कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.