गुडघ्याखालची उशी

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले आणि तेव्हापासून तासगावातनं सारखे फोन येतात, आमच्या सासूबाईंचं पण करायचंय, मिरजेत कुठला डॉक्टर चांगला, कुठल्या कंपनीचा कृत्रिम सांधा घ्यायचा. विचारा की, पण घरी आणल्यावर पहिला दीड महिना व्यायाम कोण करून घेणार ते आधी ठरवा, कारण आमचं तिथंच चुकलं. सांध्याच्या किमतीवर तर २०१७ पासून सरकारनं मर्यादा घातलीय, कोबाल्ट क्रोम या धातूच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरले होते. त्याची चौकशी सगळे करतात पण फिजिओ घरी बोलवायचं म्हटलं की खर्च नको वाटतो.

आपल्याकडं वाटी बदलली म्हणतात, पण मुख्य काम वाटीचं नसतंच. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं कापून तिथं धातू बसवतात, मधे प्लास्टिक. तो सांधा हलवायचा मात्र तिच्याच मांडीच्या स्नायूंनी आणि आईनं दुखतंय म्हणून सात-आठ वर्षं तो पाय जपूनच टाकलेला.

आधी डॉक्टर दोन गोष्टींवर अडून बसले, शुगर आणि मिश्री. तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो, जखम लवकर भरत नाही, इन्फेक्शनचा धोका वाढतो, म्हणून महिनाभर आधीच बंद. डबी मी माझ्या कपाटात ठेवली. सकाळी उठून आई गॅलरीत बसायची आणि रिकामं बोट दातांवरनं फिरवायची, मला बघवायचं नाही, पण तिनं पाळलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवलं, चौथ्या दिवशी घरी. डिस्चार्जच्या गडबडीत व्यायाम पाच मिनिटात दाखवले आणि इंग्रजीतला एक झेरॉक्स हातात दिला, मी तेव्हा बिलाच्या रांगेत आणि आईला इंग्रजी येत नाही. याचा मला अजून राग येतो.

घरी मावशी आली, तिनं मायेनं गुडघ्याखाली उशी दिली. आईला बरं वाटलं, गुडघा थोडा वाकलेला असला की दुखणं कमी होतं ना. येणारा-जाणारा प्रत्येकजण, राहू दे गं, पड जरा. दहा दिवस उशी तिथंच. टाके काढायला गेलो तर फिजिओ मॅडमनी आईला उताणं झोपवलं, पाय सरळ करायला सांगितला आणि गुडघ्याखालनं हात घातला. हात आरपार गेला, म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होतच नव्हता. म्हणाल्या, काकू, हा गुडघा असाच आखडला तर लंगडत चालावं लागेल.

मग उशी गेली. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, गुडघा अधांतरी, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचं. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी, नंतर बर्फ. आई रडायची आणि मी दहा मोजायचे, ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. तीन आठवड्यांनी हात जायचा बंद झाला.

जिन्याचं तिनं पाठच केलंय, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. घरातल्या चटया आणि गोधड्या उचलून ठेवा, पडली की सगळं मुसळ केरात. पोटरी सुजून दुखायला लागली तर तेल लावून चोळत बसू नका, रक्ताची गाठ असू शकते, लगेच दवाखाना. दम लागला, ताप आला, जखमेतनं पाणी आलं तरी तेच. खुब्याचं ऑपरेशन असेल तर नियम वेगळे, पाटावर बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं याबद्दल तुमच्या डॉक्टरांना नीट विचारा, कमोडची सोय आधीच करा.

आईचा डावा गुडघा पुढच्या महिन्यात आहे. यावेळी व्यायाम आत्तापासूनच चालू केलेत आणि मी ते मोठ्या अक्षरात मराठीत लिहून पलंगासमोरच्या भिंतीला चिकटवलेत, सगळ्यात वर लिहिलंय, गुडघ्याखाली उशी नाही. मावशीनं त्याचा फोटो काढून तिच्या जावेला पाठवला, तुम्हाला हवा असेल तर सांगा, पाठवते.