क्रामरिशबाईंचं फिलाडेल्फिया

देशाहून पाहुणे आले की फिलाडेल्फियात त्यांना दोनच गोष्टी बघायच्या असतात: तडा गेलेली ती 'लिबर्टी बेल' घंटा आणि म्युझियमच्या पायऱ्या. 'रॉकी' सिनेमातला बॉक्सर धावत चढला होता, त्याच पायऱ्या. ७२ आहेत. मंडळी धापा टाकत वर जातात, दोन्ही हात उंचावून फोटो काढतात आणि म्युझियमकडे पाठ करून खाली उतरतात. आत वरच्या मजल्यावर मदुरैच्या देवळाचा दगडी मंडप उभा आहे, हे कितीही सांगितलं तरी 'अगं, देवळं काय आपल्याकडे कमी आहेत का?' हे उत्तर ठरलेलं. या वेळी साताऱ्याची मावशी आली होती. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं, त्यामुळे आम्ही मागच्या दाराने थेट आत गेलो आणि मंडप आपोआप पदरात पडला. भारतीय कलेच्या अभ्यासक स्टेला क्रामरिश यांचं म्युझियम ते हेच, त्यांच्याकडे येतेच.

मावशी उंबऱ्याशीच चपला काढायला लागली. गार्डला काही कळेना, मला हसू आवरेना. पण तिचं चुकलं असं म्हणवत नाही. ग्रॅनाइटचे खांब, त्यांना पाठ लावून उभ्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती, वर रामायणातले प्रसंग कोरलेली पट्टी आणि बेताचा उजेड. देव मात्र नाही, घंटा नाही, तेलाचा वास नाही. मावशीने एका मूर्तीला हात जोडले आणि मग इकडेतिकडे बघत विचारलं, "हे इथं आणलं कुणी?"

आणलं ॲडलिन पेपर गिब्सन नावाच्या इथल्याच एका श्रीमंत बाईंनी. १९१२ मध्ये मदुरैला गेल्या असताना मदनगोपाळस्वामींच्या देवळाच्या आवारात पडून असलेले साठाहून जास्त कोरीव दगड त्यांनी विकत घेतले. पहिल्या महायुद्धात त्या फ्रान्समधल्या इस्पितळात काम करायला गेल्या, तिथेच वारल्या आणि १९१९ मध्ये घरच्यांनी ते दगड म्युझियमला दिले. दगड विकायचा अधिकार कुणाला होता, हा प्रश्न मावशीने विचारला, मलाही पडतो, आणि शेजारच्या पाटीवर त्याचं उत्तर नाही.

त्याच १९१९ मध्ये तिकडे व्हिएन्ना विद्यापीठात स्टेला क्रामरिश नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीला डॉक्टरेट मिळाली. विषय होता भारतातलं सुरुवातीचं बौद्ध शिल्प, म्हणजे भारहूत आणि सांची. तोवर तिने भारतात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं या म्युझियमचा भारतीय विभाग ज्यांच्या नावाने ओळखला गेला, त्या याच बाई. मराठीत त्यांच्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा पसारा.

जन्म १८९६ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या मोराव्हियातला. युद्धानंतर ऑक्सफर्डमध्ये भारतीय कलेवर व्याख्यानं द्यायला गेल्या, तिथे श्रोत्यांत रवींद्रनाथ ठाकूर होते. त्यांनी शांतिनिकेतनला बोलावलं आणि या निघाल्या. आपण इकडे येताना ऑफर लेटर, व्हिसा, विमा असा कागदांचा गठ्ठा घेऊन येतो. बाई कवीच्या शब्दावर गेल्या. युद्धात हरलेल्या देशाच्या नागरिक आणि निघाल्या ब्रिटिशांच्या राज्यात, त्यामुळे परवानगीसाठीही ताटकळावं लागलं. शांतिनिकेतनात कलाभवनाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी युरोपची कला शिकवली, गॉथिक चर्चपासून अगदी त्या काळच्या चित्रकारांपर्यंत.

डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात एक प्रदर्शन भरलं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतल्या कांडिन्स्की, क्ले, फायनिंगर, इट्टेन यांची चित्रं आणि त्याच दालनांत अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, सुनयनी देवी. हे जुळवून आणण्यात इट्टेनशी पत्रव्यवहार करणाऱ्या क्रामरिशबाईंचा मोठा वाटा होता. विशीतली परदेशी बाई, देशात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि ठाकूर घराण्याच्या चित्रांशेजारी क्ले टांगतेय! पण बाईंचा धाडसीपणा मला याहून दुसऱ्या एका गोष्टीत जास्त दिसतो. सुनयनी देवी कुठल्याही शाळेत चित्रकला शिकलेल्या नव्हत्या, संसार सांभाळून त्या घरी रंगवत. त्या काळात त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहून जर्मन नियतकालिकात छापून आणणं ही साधी गोष्ट नव्हती.

१९२४ मध्ये सर आशुतोष मुखर्जींच्या कलकत्ता विद्यापीठात शिकवायला लागल्या, त्या १९५० पर्यंत. मधली काही वर्षं लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमध्येही जाऊन शिकवत. पण नोकरीच्या चाकोरीबाहेर त्यांनी जे केलं तेच जास्त आहे. 'विष्णुधर्मोत्तर' पुराणाच्या तिसऱ्या खंडातल्या चित्रकलेच्या भागाचं भाषांतर केलं. १९३३ पासून अवनींद्रनाथांच्या साथीने इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टचं जर्नल चालवलं. हैदराबाद संस्थानाने हाती घेतलेल्या दख्खनच्या चित्रकलेच्या पाहणीवर १९३७ मध्ये पुस्तक केलं. त्यात अजिंठा, वेरूळ आपलंच. आणि १९४६ मध्ये 'द हिंदू टेंपल'चे दोन जाडजूड खंड आले, रेमों बुर्निएच्या फोटोंसह.

त्या खंडांशी मी बरीच झटापट केली आहे. लायब्ररीतून आणायचे, परत करायचे, पुन्हा आणायचे. गाभारा आणि शिखर सोडून बाई आधी जमिनीपाशी थांबतात. वास्तुपुरुषमंडल, म्हणजे ६४ किंवा ८१ घरांचा चौकोन, त्यात पालथा दाबून धरलेला पुरुष, घरोघरी बसवलेल्या देवता. हे सगळं झाल्यावर मग त्यावर दगड चढतो, आतला अंधारा गाभारा लहानच राहतो आणि बाहेरचा दगड कोनाडे, कंगोरे, मूर्ती यांनी फुटून वर वर जातो. हे वाचून झाल्यावर सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात गेले होते, तेव्हा पहिल्यांदा भिंतीला इतके कोपरे का, याचा काहीतरी अंदाज आला.

तक्रारही आहे. त्या पुस्तकात शिल्पशास्त्र बोलतं, उपनिषदं बोलतात. दगड फोडणारा पाथरवट जेमतेम दिसतो आणि खर्च कुणी केला, जमीन कुणाची होती, हे जवळपास नाहीच. सगळी देवळं एकाच महावाक्याचा विस्तार असल्यासारखी. नंतरच्या अभ्यासकांनी दानलेख, राजवटी आणि कारागिरांकडे मोर्चा वळवला ते बरंच झालं. पण विरोध करायलाही आधी समोर एवढं मोठं काहीतरी उभं लागतं.

१९५० मध्ये त्यांचे पती लास्लो नेमेन्यी यांचा कराचीत मृत्यू झाला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नॉर्मन ब्राउन यांच्या बोलावण्यावरून बाई फिलाडेल्फियाला आल्या. वय ५४. डिपेंडंट व्हिसावर येऊन, एमए-एमएस्सीच्या डिग्र्या कपाटात ठेवून, चाळिशीत 'आता काय नव्याने सुरू करणार' म्हणणाऱ्या आमच्या इथल्या भिशीत मी हे वय मुद्दाम सांगते. एक मैत्रीण लगेच म्हणाली, "हो, पण तिला स्वयंपाक कोण करून घालत होतं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मला ठाऊक नाही.

ब्राउन यांनी १९४८ मध्ये इथे दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा विभाग सुरू केला होता आणि म्युझियमचा भारतीय विभागही तेच बघत. मदुरैच्या त्या मंडपावर पुस्तक लिहिलं तेही त्यांनीच. १९५४ मध्ये म्युझियमची जबाबदारी क्रामरिशबाईंकडे आली. विद्यापीठातून १९६९ मध्ये निवृत्ती, म्युझियममधून १९७२ मध्ये, पण निवृत्ती फक्त कागदावर. न्यूयॉर्कच्या इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्समध्ये शिकवणं चालूच राहिलं. 'मॅनिफेस्टेशन्स ऑफ शिवा' हे प्रचंड प्रदर्शन १९८१ मध्ये भरवलं तेव्हा बाई पंचाऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. पुढच्या वर्षी पद्मभूषण.

मला मात्र त्या प्रदर्शनापेक्षा १९६८ चं 'अननोन इंडिया' जास्त आवडलं असतं. अहमदाबादचे चित्रकार आणि लोककलेचे अभ्यासक हकू शाह यांना बरोबर घेऊन बाईंनी खेड्यापाड्यांतल्या आणि आदिवासींच्या वस्तू मांडल्या: मातीचे घोडे, नवसाच्या मूर्ती, भरतकाम. ज्यांनी 'द हिंदू टेंपल' लिहिलं त्याच बाई हे करतात. आणि हेही म्हातारपणी सुचलेलं नाही. बंगालमधल्या कांथांवर, म्हणजे जुन्या कापडाच्या भरतकाम केलेल्या गोधड्यांवर, त्यांनी १९३९ मध्येच लिहिलं होतं आणि बंगालात असताना त्या जमवल्याही होत्या. हा संग्रह आता म्युझियमकडे आहे. कापडाला उजेड सोसत नाही, त्यामुळे कांथा कायम मांडलेल्या नसतात. म्हणून घरी आल्यावर मावशीला म्युझियमच्या साइटवर दाखवल्या.

मावशीने टॅब नाकाजवळ नेला. जुन्या साड्यांचे थर, मध्यभागी कमळ, चार कोपऱ्यांत झाडं, मध्ये हत्ती, पालखी, आणि मोकळ्या जागेत सगळीकडे बारीक धावदोरा, ज्याने कापडाला लाटा उठतात. "ही वाकळच की," ती म्हणाली, मग जरा थांबून, "पण आमची पाठीखाली जायची. त्यावर हत्ती काढायला वेळ कुणाला होता?" धागे साडीच्या काठातून ओढून काढायचे हे सांगितल्यावर तिला पटलं, तिची आजीही दोरा विकत आणत नसे. बाईंनी कांथांकडे धार्मिक अर्थाने पाहिलं, चिंध्या जोडून अखंड करण्याचं व्रत म्हणून. मावशीने कोपऱ्यातले टाके पाहिले आणि सांगितलं की ही बाई डावखुरी असणार. क्रामरिशबाईंना हे ऐकायला आवडलं असतं असं वाटतं.

बाई १९९३ मध्ये इथेच वारल्या.

आता मुंबईकरांसाठी. बाईंनी ज्या जागेवर अनेकदा लिहिलं, ती तुमच्या लाँचच्या अंतरावर आहे. घारापुरीच्या त्या तीन मुखांना आपण शाळेपासून ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणत आलो. बाईंच्या मते, आणि आता बहुतेक अभ्यासकांच्या मते, तो एकटा सदाशिव, म्हणजे पाच मुखांचा शिव, आहे: मध्ये शांत तत्पुरुष, एका बाजूला मिशा असलेला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला हातात कमळ धरलेला कोमल वामदेव. चौथं तोंड मागे डोंगरात, पाचवं दिसतच नाही. एकदा उग्र बाजूने बघा, मग पलीकडे जाऊन कोमल बाजूने. गाइडची घाई असली तरी. सोमवारी लेणी बंद असतात, आणि माकडांपुढे पिशवी उघडू नका.