मागून वाचायची पुस्तकं

दुपारी जेवण झाल्यावर जरा लवंडावं म्हणून ताडोब्यावरचं एक जुनं पुस्तक हातात घेतलं, आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला नकाशा उलगडताना टरकन फाटला. तोही नेमका घडीवर. तिथं अंधारी नदी होती. आता तिचा वरचा निम्मा भाग एका तुकड्यात आणि खालचा दुसऱ्यात. हे नकाशे कधी ना कधी घडीवर फाटणारच, हे माहीत असूनही आपण ते उलगडतोच. झोप राहिली बाजूला. बटर पेपरची बोटभर रुंद पट्टी कापली, कड दाताखाली धरून सरळ केली. आजोबा असते तर त्यांनी मैद्याची खळ शिजवली असती आणि कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं असतं. मी फेविकॉलवर भागवलं. नदी जोडली गेली, पण जरा सुरकुतली.

जंगलांवरची पुस्तकं मी मागून वाचतो. आधी नकाशा, मग परिशिष्टातल्या याद्या, मग फोटोंखालच्या ओळी, मग प्रकरणं. वाघाचं प्रकरण सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगायचं तर ते बऱ्याचदा राहूनच जातं. वाघाशी वैर नाही. पण त्या प्रकरणात पिवळंधमक, धीरगंभीर, राजस असे शब्द येणार हे ठरलेलं असतं. याद्या बिचाऱ्या असलं काही करत नाहीत. सांबर, चितळ, भेकर, चौशिंगा, नीलगाय, एकाखाली एक, गपगुमान.

सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 साली निघालं. माझ्याकडची प्रत बरीच नंतरची, फुटपाथवरून उचललेली. आधीच्या मालकानं समासात पेन्सिलीनं बारीक नोंदी केल्यात. हळद्यापाशी ‘घरामागे’. धनेशापाशी नुसतं प्रश्नचिन्ह. नवरंगापाशी ‘आवाज फक्त’. हा मनुष्य मला फार आवडतो. पक्षी दिसला नाही तर खूण करायची नाही, पण ऐकला तेवढं मात्र लिहून ठेवायचं! आजच्या फोटोवाल्यांत असा सापडायचा नाही.

आमच्याकडे जंगलाच्या पुस्तकांचा हंगाम म्हणजे पावसाळा. ताडोब्याचा गाभा 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो. तेवढे दिवस “अजून गेला नाहीत?” असं कुणी विचारत नाही. घरबसल्या जंगल वाचण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही. किपलिंगनं मोगलीच्या गोष्टी लिहिल्या त्या अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, जिथं हिवाळ्यात बर्फाचे ढीग साचतात. त्या गोष्टी घडतात ते सिवनीचं जंगल, म्हणजे आजच्या पेंचकडचं, त्यानं पाहिलंच नव्हतं असं अभ्यासक मानतात. तरीही पेंचला जाणाऱ्या प्रत्येक गाडीत मोगलीचा विषय निघतोच.

हे वेड लागलं ते आजोबांमुळे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते दुपारी ओसरीवर बसून जिम कॉर्बेटचं भाषांतर मोठ्यानं वाचायचे. आजी अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकायची. बिबट्या जवळ आला की अडकित्ता थांबायचा. आम्ही मुलं पुस्तकापेक्षा अडकित्त्याकडे लक्ष ठेवून असायचो. तो रुद्रप्रयागचा बिबट्या. सरकारी नोंदीप्रमाणे त्यानं 125 माणसं मारली, आणि 1926 च्या मे महिन्यात कॉर्बेटनं त्याला गोळी घातली. त्या पुस्तकात एक चौदा वर्षांचा पोरका गुराखी येतो. मालक त्याला रात्री चाळीस शेळ्यांबरोबर एका खोलीत कोंडून निजवायचा. बिबट्या आत शिरला, शेळ्यांमधून वाट काढत गेला, आणि पोराला घेऊन गेला. शेळ्यांना ओरखडासुद्धा नाही.

अडकित्ता थांबला तो थांबलाच. आजी म्हणाली, “अहो, नाव काय होतं त्या पोराचं?”

आजोबांनी मागची दोन पानं चाळली, पुढची एक चाळली. नाव दिलेलं नव्हतं. “पुढं वाचू का?” त्यांनी विचारलं.

“वाचा,” आजी म्हणाली. पण त्या दिवशी तिचं लक्ष नव्हतं.

गंमत म्हणजे त्या जुन्या पुस्तकांत वाघांनाही नावं नसत. चंपावतची वाघीण, चौगडची वाघीण, म्हणजे ज्या गावांवर संकट आलं त्या गावांचीच नावं. आणि मराठीत आलो तर नावं असायची ती माणसांना. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. आता दिवस कसे जातात कळत नाही, पण 2025 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मी त्यांचं नवेगावबांधवरचं पुस्तक पुन्हा काढलं. मला वाटत होतं, तळं आणि पक्षी आठवतील. आठवले ते तिथले माधवराव पाटील, आणि ढिवर, म्हणजे मासेमार. पाण्यावरचा पक्षी ओळखावा तो त्यांनी, आणि ऐकून लिहून घ्यावं ते अधिकाऱ्यानं. मुळात ते तळंच माणसांनी बांधलेलं, कोहळी समाजानं. भंडारा-गोंदियाकडचे कित्येक तलाव त्यांच्याच हातचे. त्या तळ्याभोवतीचं जंगल 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे निसर्ग म्हणून आपण जे जपतो त्यातली एक मोठी वस्तू चक्क गावकऱ्यांचं पाटबंधाऱ्याचं काम आहे. नागझिऱ्यावर व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिलं तेही तिथं मुक्काम ठोकून, चालत, बसून. जीप येते-जाते, पण पुस्तक पायीच चालतं.

ताडोब्याच्या नकाशातही माणसांच्या खुणा काही कमी नाहीत. मोहर्लीहून तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेनं दगडी खांब लागतात, वर भोक असलेले. गोंड राजांच्या काळातले, त्यांतून दोर ओवून घंटा बांधायचे आणि राजा निघाला की वाजवायचे, असं सांगतात. गाईड त्याला हमखास ‘त्या वेळचा वायरलेस’ म्हणतो, आणि गाडीतले हमखास हसतात. तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गावचा पुढारी पुढं देव झाला आणि जंगलाला नाव देऊन बसला. 1955 साली राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते त्याच्या नावाचं. वाघानं मारलेल्या माणसाचं नाव जंगलाला मिळालं, असं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

हल्ली भेट म्हणून येतात ती पुस्तकं पोळपाटाएवढी जड असतात. गुळगुळीत कागद, पानभर फोटो. यांत वाघांना नावं असतात: माया, मटकासुर, वाघडोह, छोटी तारा. नावंच काय, वंशावळी असतात. कुणाची आई कोण, कुणी कुणाला हुसकलं, कोणत्या पाणवठ्यावर कुणाची सत्ता. आमच्या घराण्याची चार पिढ्यांची नावं मला धड सांगता येत नाहीत, पण मायाचे किती बछडे जगले यावर शेजारचे काका तासभर बोलू शकतात. आणि ज्यानं गाडी चालवली, ज्यानं पगमार्क दाखवला, तो पुस्तकात ‘आमचा अनुभवी गाईड’ एवढाच.

पट्टी वाळेपर्यंत नकाशा हातानं दाबून धरावा लागला, त्यामुळे तो नीट वाचून झाला. आत बारीक गोल करून गावं दाखवलीत: बोटेझरी, कोळसा, पळसगाव, जामणी, नवेगाव (नवेगावबांध नव्हे), रानतळोधी. 2007 साली बोटेझरीपासून ही गावं जंगलाबाहेर हलवायला सुरुवात झाली, मग एकेक करून बाकीच्यांतली काही. कुटुंबामागे ठरावीक रकमेचं पॅकेज. काही जण आनंदानं गेले असणार, कारण दवाखाना, रस्ता, पोरांची शाळा, आणि रोज गोठ्यात वाघ येण्याची भीती नाही. काही नाखुशीनं गेले असतील. घरं मोडली, शेतांवर गवत आलं, गवतावर चितळं आली, चितळांमागे वाघ आले. हेही खरंच झालं, आणि झालं ते चांगलंच झालं असं म्हणणाऱ्यांशी भांडायला माझ्याकडे मुद्दा नाही. जामणी म्हटलं की आता डोळ्यांपुढे येतं ते छोटी ताराचं कुरण. सफारीहून आलेला माणूस ‘जामणीला मस्त सायटिंग झालं’ म्हणतो, आणि जामणी म्हणजे गाव होतं हे त्याला सांगितलं तर तो नम्रपणे ‘हो का?’ म्हणतो. त्याचा काय दोष?

त्या जड पुस्तकांच्या मागे परिशिष्टं मात्र उत्तम असतात. सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे, फुलपाखरं, काहींत तर कोळीसुद्धा. पैसे वाटायचे तर जामणीतल्या कुटुंबांची यादी करावीच लागली असणार. कुठल्यातरी फायलीत ती असेलच, कुटुंबप्रमुखाचं नाव, वय, घरातली माणसं, अशी रकान्यांत मांडलेली. छापायला हवी होती ती, फुलपाखरांच्या आधी. मी तीच पहिल्यांदा वाचली असती.