व्यापारी काढला, बिलंही गेली

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याच्या हिशोबाचा प्रोग्रॅम मी एंटिटी फ्रेमवर्क कोअरवर, म्हणजे कोड आणि डेटाबेस जोडणाऱ्या डॉट नेटच्या साधनावर, लिहिला आहे. परवा तिथल्या मुनीमकाकांनी दोनदा नोंदलेला एक व्यापारी काढायला घेतला. चुकून जुनी नोंद गेली, आणि तिच्याबरोबर त्याची सगळी बिलं, बिलांतल्या चादरी-टॉवेलांच्या ओळीसुद्धा. फोनवर काकांचा आवाज फुटेना. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, म्हणून निभावलं.

चूक माझी. बिलाच्या क्लासमध्ये, म्हणजे बिलाची रचना सांगणाऱ्या कोडमध्ये, व्यापाऱ्याचा आयडी मी साधा 'इंट' (पूर्णांक) ठेवला होता. तो नल, म्हणजे रिकामा, होऊ शकत नाही, म्हणून बिलाचं व्यापाऱ्याशी नातं सक्तीचं. आणि सक्तीच्या नात्याला हे फ्रेमवर्क न सांगता कॅस्केड डिलीट लावतं: मूळ नोंद काढली की तिच्यावर टेकलेल्या नोंदीही जातात. नल चालू दिला असता तर बिलं वाचली असती, पण बेवारस व्हायची वाट उघडी राहिली असती. बिलाला धनी हवाच.

आता 'ऑनमॉडेलक्रिएटिंग'मध्ये, म्हणजे नाती ठरवायच्या मेथडमध्ये, सगळ्या फॉरेन कीवर (एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या आयडींवर) फिरून डिलीट बिहेवियर 'रिस्ट्रिक्ट' करतो, म्हणजे टेकलेल्या नोंदी असतील तर मूळ नोंद काढूच देत नाही. कॅस्केड ठेवलंय ते फक्त बिल आणि त्याच्या ओळींमध्ये. व्यापारी काढायचा नाही, त्याला 'बंद' अशी खूण करायची. हे काकांना लगेच पटलं, खतावणीचं पान त्यांनी कधी फाडलेलं नाही. मात्र नवं मायग्रेशन, म्हणजे कोडमधला बदल डेटाबेसमध्ये उतरवणारी फाइल, काढून चालवावंच लागतं, नाहीतर डेटाबेसमधली जुनी अट तशीच राहते. ते मी काल रात्री काकांसमोर बसून चालवलं.